विटकरी रंग

आई,

तुझी लघवी उकळल्याचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. लिहितानाही किळस येते, पण ती तुझी नाही. जूचंद्रच्या आपल्या ओटीवर बाबा तुझा मधुमेह तपासायला स्पिरिटचा दिवा पेटवायचे, काचेच्या नळीत निळं औषध ओतायचे, त्यात तुझी लघवी सोडायचे आणि रंग बदलेपर्यंत घरातल्या सगळ्यांना बघत बसवायचे. हिरवट आला तर सुटलीस. विटकरी आला की नळी तुझ्या नाकासमोर. "कोनाकडं गोड खाल्लंस? आ कर." आणि तू, लग्नाच्या वयाच्या मुलीची आई, तोंड उघडायचीस. आत्या, म्हणजे बाबांची बहीण, वाकून वास घ्यायची. "नाय ओ खाल्लं," एवढंच म्हणायचीस तू. साखरेचा डबा तर केव्हाच कुलपात गेला होता.

आता कॉलेजात मी हेच शिकवते. स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्यापर्यंत मज्जातंतूंची टोकं पोचलेली असतात. जीव धास्तावला की ही टोकं न्यूरोपेप्टाइड नावाचे बारीक रेणू सोडतात. त्यातलं एक, गॅलनिन, इन्सुलिनला अडवून धरतं. जेवताना सुटणारी दुसरी काही उलट त्याला वाट करून देतात. हे कुत्र्यांत, उंदरांत दिसलंय. माणसात कितपत, यावर वाद आहे. पण भेदरलेल्या माणसाची साखर न खाताही वाढते, यावर कुणाचाच वाद नाही. तपासणीच्या आदल्या दिवसापासून तुझ्या घशाखाली घास उतरत नसे, आई. ते घर तुला घाबरवून साखर वाढवत होतं आणि वर तुलाच चोर म्हणत होतं. शी!

तू गेलीस, आणि तेराव्याला बाबांनी पानावर मोतीचुराचे लाडू वाढले. "गोडाचं भारी वेड होतं तिला," म्हणत डोळे पुसले. आत्यानं मान हलवली. मी मागच्या दारी जाऊन ओकले. जिवंतपणी जिचं तोंड हुंगलं, तिला मेल्यावर लाडू!

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. वर्गात मी तुझी बाजू ठासून मांडते, नाव न घेता. पण तू खरंच काही खाल्लं नव्हतंस का, ते मला माहीत नाही. शेजारी कुणाकडे एखादा लाडू खाल्लाही असशील.

खाल्ला असशील, तर फार बरं केलंस.