बारा हजार शब्दांची सिस्टीम

५ जानेवारी, सोमवार
१. बँकेच्या लेखी परीक्षेत इंग्रजीला तीसपैकी ७.२५. कटऑफ ९.
२. गणितात पस्तीसपैकी ३३. बाकी विषयही पास.
३. ३१ डिसेंबरला नोकरी सोडली. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या डब्यांचा कारखाना, पद क्वालिटी इन्स्पेक्टर. चार वर्षं झाकणांची जाडी मोजली.
४. मालक यतीनभाई म्हणाले, सुचेताबेन, तुमची खुर्ची वीस एप्रिलपर्यंत कोणाला देत नाय. त्याच्यापुढे मी पण काय करू?
५. मी म्हटलं, आजच द्या. मी परत येणार नाही.
६. पुढची परीक्षा २२ मार्च. हातात ७६ दिवस.
निष्कर्ष: दोष माझ्यात नाही. दोष पद्धतीत आहे. शब्दांच्या याद्या पाठ करणं हे अशिक्षित काम आहे.

७ जानेवारी, बुधवार
पद्धत सापडली. इंग्रजी शब्द म्हणजे असेंब्ली. पुढे उपसर्ग, मधे मूळ, मागे प्रत्यय. सुटे भाग माहीत असले की माल आपोआप तयार.
६० मुळं × २५ उपसर्ग × ८ प्रत्यय = १२,००० शब्द. पेपरात फार तर वीस लागतात. सेफ्टी फॅक्टर ६००. एवढा पुलालाही देत नाहीत.
टार्गेट: तीसपैकी २६. आईला सांगितलं. तिने लगेच फोन करून रत्नागिरीच्या नातेवाइकांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण आकडा बरोबर आहे.

११ जानेवारी, रविवार
सिस्टीम आवृत्ती १ तयार. एक्सेल शीट, सहा रंग. रजिस्टरचे रकाने: कार्ड नंबर, मूळ क्रमांक, उपसर्ग क्रमांक, रंग, तयार करणार, तपासणार, मंजूर करणार.
दादा म्हणाला, यात शब्द कुठे लिहायचा? 'शब्द' हा रकाना आवृत्ती ४ मध्ये घेणार आहे. आधी पाया.
आज शिकलेले शब्द: ०. अपेक्षितच.

१४ जानेवारी, बुधवार
कार्डं हाताने लिहावी लागणार. माझा वेळ डिझाइनला हवा. यांत्रिक काम वहिनीला दिलं. मिनलवहिनी बी. कॉम. आहे, चिपळूणची, मराठी मीडियम, पण अक्षर सुबक. कुकर होईपर्यंत दहा कार्डं होतात म्हणाली. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला फोड आणि अर्थ. जुन्या पेपरांतून शब्दही तीच काढणार.
तिने विचारलं, मग तू काय करणार गं? सांगितलं, देखरेख.
तिळाचे लाडू दोन. नंतर आणखी दोन.

२० जानेवारी, मंगळवार
कुठल्याही प्रयोगाला तुलनेसाठी एक नमुना लागतो, ज्यावर पद्धत वापरलेली नाही. घरात असा नमुना एकच. वहिनीचाही परीक्षेचा फॉर्म भरला. ती म्हणाली, अगं मला कशाला, मी नापास होईन. म्हटलं, तेच हवंय. फोटो नव्हता, लग्नातला कापून लावला. मुंडावळ्या थोड्या दिसतात.

२५ जानेवारी, रविवार
पहिली टेस्ट. वीस शब्द. वहिनी: ८. मी: दिली नाही. उपकरण पूर्ण झाल्याशिवाय मोजमाप घेत नाहीत.

२ फेब्रुवारी, सोमवार
मुळांचा अभ्यास सुरू. 'स्पेक्ट' म्हणजे बघणे. 'इन' म्हणजे आत. इन्स्पेक्टर म्हणजे आत बघणारा. चार वर्षं हेच पद होतं माझं, तेव्हा या मुळाची तयारी मला लागणार नाही. वगळलं.
कार्डांची अचानक तपासणी केली. गंभीर त्रुटी. 'गॅर्युलस', म्हणजे बडबड्या. कार्डाच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय: मंदाकाकू. मंदाकाकू आमच्याच मजल्यावर राहतात. लिफ्टचं दार धरून बोलतात, त्यामुळे लिफ्ट खाली कोणालाच मिळत नाही. पण ते वेगळं.
वहिनीला म्हटलं, नावाला लॅटिन मूळ नसतं. ती म्हणाली, नसू दे, लक्षात राहतं ना. लेखी त्रुटी नोंदवली, सही घेतली. पुसते म्हणाली.

१० फेब्रुवारी, मंगळवार
सोसायटीचे सेक्रेटरी उत्तमकाका आले. गच्चीवरची टाकी धुणार, इंग्रजीत नोटीस हवी. म्हणाले, तू इंजिनीअर, तूच लिही. सिस्टीम वापरून पाहायची ही संधी होती. 'सर्कम' भोवती, 'स्पेक्ट' बघणे. रहिवाशांनी टाकीबाबत सर्कमस्पेक्ट राहावे, असं लिहिलं. पाच ओळी, अकरा मुळं.
दुपारी बारा वाजता दुसऱ्या विंगचे अंकल विचारायला आले, ये क्या करना है टाकी के साथ? फोड करून सांगितली. ते आणखी तिघांना घेऊन गच्चीवर गेले आणि टाकीभोवती उभे राहिले. उत्तमकाका धापा टाकत वर गेले, धापा टाकत खाली आले. म्हणाले, बाई गं, पाणी कधी नाही तेवढं लिही ना!
वहिनीने पीठ लागलेल्या हाताने नोटिशीच्या खाली लिहिलं: नो वॉटर, २ टू ६.
सगळ्यांनी बादल्या भरल्या. एकही मूळ नाही, एकही उपसर्ग नाही. भाषेची ही अवस्था.

१५ फेब्रुवारी, रविवार
टेस्ट. वहिनी: १३. मी: दिली नाही. आवृत्ती २ मध्ये पिवळा आणि लिंबू रंग एकसारखे दिसतात. दुरुस्ती चालू आहे.
नमुना दूषित होतोय का? कारण शोधणे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
आवृत्ती ३. मुळांचे क्रमांक बदलून अकारविल्हे लावले. आता जुने क्रमांक जुळत नाहीत, पण यादी देखणी आहे.
कार्डं साठली होती. २०० ते २५० वर 'तपासले' अशा एकदम सह्या केल्या. सात मिनिटांत पन्नासच्या वर. कारखान्यात असं कधी चाललं नसतं, पण इथे तयार करणारी विश्वासू आहे.
मी सह्या करत असताना वहिनी ओट्याशी उभी राहून हसत होती. दुपट्टा तोंडात. कारण विचारलं. म्हणाली, काही नाही गं, एक शब्द फारच सोपा निघाला. म्हटलं, सोपे शब्द घेत जाऊ नकोस, दर्जा घसरतो.
परत हसली.

१ मार्च, रविवार
वहिनी: १७. मी: दिली नाही.
कारण सापडलं. लिहिता लिहिता काही शब्द तिच्या लक्षात राहत असावेत. हा कच्च्या स्मरणशक्तीचा परिणाम, परीक्षेच्या ताणाखाली टिकणार नाही. तरी नमुना बाद धरावा लागेल. वाईट वाटलं.

८ मार्च, रविवार
मंदाकाकू लिफ्टमध्ये भेटल्या. अभ्यास कसा चाललाय? म्हटलं, ठीक. त्या म्हणाल्या, तुझी वहिनी बाई हुशार हो, परवा मला म्हणाली, काकू, तुमच्यामुळे माझा एक मार्क पक्का. मी काय केलं गं तिचं?
मी तिसऱ्या मजल्यावर उतरून पायऱ्यांनी गेले.

२१ मार्च, शनिवार
कार्डं एकूण ६४०. कारखान्यातून निरोपाला मिळालेल्या मोठ्या डब्यात रंगानुसार लावली. डबा सुंदर दिसतो. झाकण ०.६ मिलिमीटर, बरोबर.
मी शिकलेले शब्द: मोजलेले नाहीत. क्षमता: बारा हजार. आत्मविश्वास: पूर्ण.

२२ मार्च, रविवार
सेंटर घोडबंदरच्या पुढे. दोघी बसने गेलो. वहिनी खिडकीबाहेर बघत पुटपुटत होती. आईचं नाव ऐकू आलं, दादाचं दोनदा आलं. देवाचं एकदाही नाही. मी डबा मांडीवर धरला होता. गेटवर डबा बाहेर ठेवायला लावला. नियमात 'डबा' असा शब्द कुठेही नाही, तरीही.
पेपर ठीक. एका प्रश्नात मूळ ओळखलं, उपसर्ग ओळखला, अर्थ जुळवला, तो चारही पर्यायांना लागू पडला. पेपर काढणाऱ्यांचा निष्काळजीपणा. असे चौदा प्रश्न होते.
वहिनी बाहेर आली, म्हणाली, भेळ खाऊ या? पेपर कसा गेला विचारलं. म्हणाली, सगळे घरचेच लोक भेटले गं.
ताणामुळे असं होतं.

१५ एप्रिल, बुधवार
निकाल. इंग्रजी, तीसपैकी.
मी: ६.५०.
वहिनी: २३.७५. मुलाखतीला बोलावलंय.
दादाने पेढे आणले. आईने एक वहिनीला भरवला, एक माझ्या ताटलीत ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. रत्नागिरीहून फोन आला तर मी घेतला नाही. वहिनी म्हणाली, तू फॉर्म भरला नसतास तर मी बसले असते का? हे तिने मनापासून म्हटलं. म्हणूनच त्रास झाला.
प्रयोग म्हणून पाहिलं तर निकाल अत्यंत स्पष्ट आहे.

१६ एप्रिल, गुरुवार
सकाळी ११.०५ ला यतीनभाईंना फोन केला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, सोमवारी आठ वाजता. खुर्चीवर आपण पिशव्या ठेवल्या होत्या, काढतो.

१७ एप्रिल, शुक्रवार
डबा वहिनीला द्यायचा ठरवलं, मुलाखतीला उपयोगी पडेल. देण्याआधी मोजणी करावी म्हणून उघडला.
पेन्सिलीतली नावं पुसलेली नाहीत. सगळ्या कार्डांवर आहेत.
'फ्रूगल', काटकसरी: आई. दुधाची पिशवी कापून, विसळून, ते पाणी कणकेत घालते.
'ॲम्बिग्युअस', ज्याचा नक्की अर्थ लागत नाही: अमोल, म्हणजे दादा. जेवायला काय करू विचारलं की 'काहीही' म्हणतो आणि मग ते खात नाही.
'पॉम्पस', बडेजाव करणारा: उत्तमकाका, झेंडावंदनाच्या दिवशी.
'टेनेशस', धरलेलं न सोडणारा: यतीनभाई. ते तिला माहीत नाहीत, माझ्याकडून ऐकलेले.
ओट्याला टेकून चाळीस मिनिटं वाचत होते. ११२ कार्डं. मग झाकून स्वतःला विचारली. ११२ बरोबर. त्या ७६ दिवसांत नाही झालं ते.
पुढची सगळीही बघितली. पूर्ण बिल्डिंग आहे त्यात. वॉचमन आहे, वहिनीच्या माहेरची म्हैस आहे. माझं नाव कुठेच नाही.
बरं वाटलं. मग कार्डं मोजली. ६३९.
पुन्हा मोजली. ६३९. क्रमांक २१२ नाही.
रजिस्टर पाहिलं. २१२: मूळ क्र. १४, उपसर्ग क्र. ३, रंग पिवळा किंवा लिंबू. जुने क्रमांक आता जुळत नाहीत. शब्दाचा रकाना आवृत्ती ४ मध्ये येणार होता. तयार करणार: मिनल. तपासणार: माझी सही, १९ फेब्रुवारी.
समोर विचारणं बरं दिसत नाही. खालील चिठ्ठी फ्रिजवर लावली आहे. नक्कल इथे.

सौ. मिनलवहिनी,
विषय: कार्ड क्र. २१२
१. सदर कार्ड डब्यात नाही.
२. त्यावर 'तपासले' अशी माझी सही आहे.
३. सही करताना मी ते वाचलं नव्हतं.
त्यावर कोणता शब्द आहे ते कळवावे. मागे नाव असल्यास ते लिहिण्याची गरज नाही. सोमवारी सकाळी आठला माझी शिफ्ट आहे, त्यामुळे उत्तर रविवार, १९ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत मिळावे.
सुचेता