चिठ्ठीत लिहिलं होतं ते

३ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी एक चुकीची गोष्ट लिहिली, ती आधी दुरुस्त करते. तुला शाळेतून काढायचं बाबांनी ठरवलं, असं मी लिहिलं होतं. बाबांनी नाही ठरवलं. त्यांनी फक्त ऐकलं.

दोघींना पुढे शिकवणं झेपणार नव्हतं आणि बाबांना खुर्च्या विणायला एकीचे हात हवे होते, हे तुला आठवत असेल. आई म्हणायची, जी जास्त कमावेल तिलाच शिकवा, म्हातारपणी तीच घर धरेल. पण कोण जास्त कमावेल हे आपल्या घरात कुणाला कळणार? म्हणून बाबांनी शाळेतल्या बाईंना विचारलं आणि बाईंनी चिठ्ठी दिली. तू तेव्हा मागे वेत भिजत घालत होतीस. आई-बाबांना अक्षर येत नाही. मी उभी राहून चिठ्ठी वाचून दाखवली.

चिठ्ठीत होतं, 'एकीलाच पाठवायचं असेल तर धाकटीला पाठवा, ती पुढे चांगलं कमावेल. थोरली मेहनती आहे, हातकामात मागे पडणार नाही.' मी धाकटीच्या जागी थोरली वाचलं आणि थोरलीच्या जागी धाकटी. बाबांनी कागदाची घडी करून हत्यारांच्या डब्यात ठेवली. अजून तिथेच असेल.

मी अकरा वर्षांची होते, ही सबब दहा वर्षं स्वतःला सांगत आले. प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवताना मी प्रत्येक नाव तीनदा ताडून बघते. सगळे मला काटेकोर म्हणतात. कशामुळे, ते मलाच माहीत.

संध्याकाळच्या शाळेच्या फॉर्मची वीस तारीख शेवटची आहे, बाबा नाही म्हणतात, तू त्यांची समजूत घाल, असं तू लिहिलंस. हे सांगितल्याशिवाय मी कोणत्या तोंडाने समजूत घालू?

आई-बाबांना नमस्कार. लोभ असावा, असं या वेळी लिहवत नाही.

तुझी ताई

८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबा समोरच होते, पुढ्यात कुणाची तरी आरामखुर्ची. नेहमीप्रमाणे म्हणाले, मोठ्याने वाच. मी वाचलं, ताई बरी आहे, सर्दी झाली होती, आता उतार आहे. आई म्हणाली, तिला म्हणावं, ओल्या केसांनी झोपत जाऊ नकोस. म्हणजे नसलेलं वाचायला मलाही जमतं. शेवटी बहीण कुणाची?

मग मागच्या पायरीवर बसून खरं वाचलं. चारदा वाचलं. त्या दिवशी अर्धी विणून झालेली खुर्चीची बैठक मला उसवावी लागली, एक तिरका वेत विणीच्या भलत्याच घरातून गेला होता. बाबा म्हणाले, हे तुझ्या हातून कसं झालं?

तुझ्यावर रागावले का, ते विचारू नकोस. अजून ठरलेलं नाही. एवढी वर्षं मी मठ्ठ आहे असं धरून चालले, त्याचं काय करायचं तेच आधी कळेना. एखादी गोष्ट चटकन समजली की वाटायचं, आंधळ्याच्या हाती ससा लागला.

बाबांना मी काही सांगणार नाही. म्हणतील, शाळेत जायचं म्हणून पोरीने रचलं. कालही एका गिऱ्हाइकाला बसवून सांगत होते, माझी थोरली रक्त तपासते. आणि मी फॉर्मचा विषय काढला की त्यांचं एकच, "हिच्या डोक्यात अक्षर टिकत नाही, बाईंनीच लिहून दिलंय. शिकून हिला कोण किती देणार?"

तेवढं एक सांग. अक्षर टिकत नाही, हे वाक्य तू कळवलेल्या चिठ्ठीत नाही. बाईंनी ते तुझ्याबद्दल लिहिलं होतं का? तसं असेल तर निदान एकदा पोटभर हसून घेईन.

लोभ होता तेवढा आहे. वाढवायचा की कसं, ते उत्तर आल्यावर बघू.

तुझी मठ्ठ धाकटी

१२ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हसू नकोस. बाईंनी ते कुणाबद्दलच लिहिलं नव्हतं.

मी वाचून संपवलं तेव्हा बाबा लगेच हो म्हणाले नाहीत. खुर्ची बाजूला सरकवून म्हणाले, पण धाकटी तर चुणचुणीत आहे, एकदा सांगितलेलं विसरत नाही. तेव्हा मी पुन्हा कागदाकडे बघितलं आणि एखादी ओळ राहून गेल्यासारखी ती ओळ वाचली. आधीची अदलाबदल भीतीने झाली. वेताने माझी बोटं कापायची, बाबांच्या शेजारी विणायला बसायचं म्हटलं की मी अभ्यासाचं निमित्त काढायचे. पण ही ओळ मी विचार करून घातली. आणि तुला कबुली देताना नेमकी तीच गाळली.

बाबांना तू बरोबर कळली होतीस. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा कागदावर भरवसा ठेवला, आणि कागद माझ्या हातात होता.

फॉर्म भरून ठेव. डब्याला हात लावू नकोस, तू काही केलंस असं कुणाला म्हणता येऊ नये. शनिवारी मला सुटी नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने येते. बाबांनाच डबा उघडायला सांगेन आणि तेव्हा उभी होते तिथेच उभी राहून वाचेन. या वेळी मागे वेत भिजवायला जाऊ नकोस. माझ्या शेजारी उभी राहा, प्रत्येक शब्दावर बोट ठेव, आणि मी कुठे अडखळले तर पुढचं तू वाच. बाईंचं अक्षर आता तुलाही लागेल.

लोभाचं त्यानंतर ठरव. रविवार, १८ जून.

ताई