डाव्या पकडीतला श्वास

४ फेब्रुवारी
माझ्या हातची कामं, आज आठवली तेवढी: घराचं फाटक. आईची कुबडी. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची चाकं. शिलाई मशीनचे दाते, तेही मूळ कंपनीपेक्षा सरस! आणि पकडी.

शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं डोळ्यांनी बघून. आणि आज माझं काम माणसांच्या बरगड्यांवर बसलंय!

काहींच्या छातीचं मधलं हाड आत खचलेलं असतं. डॉक्टर दोन्ही काखांखाली बोटभर छेद देतात, दुर्बिणीतून बघत वाकवलेली पट्टी हाडाखालून सरकवतात आणि उलटवतात. छाती वर येते. पट्टी फिरू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना एकेक पकड. पकड ढिली, तर सगळं मुसळ केरात.

आमच्याकडे तो खड्डा वारशाने आलेला. तीन वर्षांपूर्वी आधी मुलीचं ऑपरेशन, मग माझं. चार पकडी एकाच तुकड्यातून कापल्या. दोन तिला, दोन मला.

मुलगी जूनमध्ये घर सोडून गेली. फोन बंद. कुठे आहे, आहे की नाही, काही कळत नाही.

९ फेब्रुवारी
डाव्या पकडीत काहीतरी चालतं. ठोका नव्हे. श्वास. पण माझा नाही — मी माझा रोखून धरला, तो चालूच! लेथ बंद केलं. तरी चालूच.

१० फेब्रुवारी
डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पट्टी तसूभर हललेली नाही. “मिस्त्री, स्वतःच्या कामावर संशय?”
कामावर नाही, म्हटलं. शर्टाची बटणं लावली.

१७ फेब्रुवारी
दुपारी बाकावर स्वस्थ बसलो होतो. डावीकडचा श्वास मात्र धापा टाकत होता. कुणीतरी जिना चढत होतं. वर पोचलं, थांबलं, आणि एक श्वास गिळला.
मुलगी जिना चढली की असाच एक श्वास गिळते. अगदी लहान होती तेव्हापासून.
तीच!

१८ फेब्रुवारी
हिला सांगितलं. “अहो, आधी कान तपासून घ्या, मग छाती!”
चहा झाल्यावर मात्र आपणहून आली. माझ्या डाव्या बरगडीला कान लावला. बराच वेळ हलली नाही.
“जिवंत आहे हो!”
मग जाऊन मुलीच्या खोलीतल्या खिडक्या पुसत बसली.

२ मार्च
रोज संध्याकाळी हिचा कान. आज म्हणाली, “सर्दी झालीय तिला.”
मला नाही वाटत. त्यावरून जुंपली. मुलगी घरात होती तेव्हाही अशीच जुंपायची.

७ मार्च
जाताना म्हणाली होती, “बाबा, मी तुमच्या मापात बसवायचं काम नाहीये.”
मी म्हटलं होतं, मापात न बसलेलं काम भंगारात जातं.
वाक्य तिचं सरस होतं.

१२ मार्च
आम्ही बोलायला लागलो की तो श्वास थांबतो. कान देऊन ऐकल्यासारखा.
आज हिने माझ्या बरगडीशी तोंड नेलं. “ये गं घरी. बाबा काही बोलणार नाहीत.”
श्वास रोखला गेला. मग सुटला — आधीपेक्षा जवळून.
ही हसली. मला हसू आलं नाही. का, कळत नाही.

१५ मार्च
डॉक्टर म्हणाले, पट्टी काढायची मुदत भरली. घरी येऊन सांगितलं.
“खबरदार!” ही म्हणाली. “ती काढलीत तर लेकीचं कसं कळायचं?”

२१ मार्च
एका कंपनीचा माणूस आला. माझ्यासारखी पकड त्यांना बनवायची आहे, छातीत राहून आलेले नग अभ्यासाला हवेत. त्याने डबी उघडली. आत दोन पकडी, माझ्याच हातच्या. “तुमच्या मुलीने दिल्या, साहेब. जानेवारीतच काढून घेतल्या त्यांनी. मजेत आहेत. नोकरी करतात.”

तळहातावर घेतल्या. थंडगार. डावीकडे कुणीतरी श्वास सोडला.

मुलगी सुखरूप आहे, एवढं हिला सांगितलं. “मग मी काय म्हणत होते!” म्हणाली, आणि कान लावायला आली. लावू दिला.

माझ्या छातीतली पट्टी आणि दोन्ही पकडी काढून दिल्या, तर तो कंपनीवाला बारा लाख देत होता. नको म्हणालो.