मला सगळं आठवतं

दादा,

धाकटीचा नमस्कार. चौकशी संपेपर्यंत तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हे पत्र पेटीत पडणार नाही.

"समितीपुढे नुसतं आठवत नाही म्हण, घरचं पोर आहे," असं तू फोनवर म्हणालास. मला सगळं आठवतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी परीक्षानळ्या धूत होते. ती मुलगी आत आली, तिने दाराला कडी घातली आणि ती टेबलाखाली जाऊन बसली. मनगटावर बोटांचे वळ होते. तुझ्या लेकाने जिन्यात हात टाकला, हे सांगताना तिचे दात वाजत होते.

"तो माझा भाचा आहे," मी म्हणाले. ती पळायला उठली.

"थांब. तक्रार द्यायची असेल तर मी बरोबर येते. नसेल द्यायची, तरी इथे बस."

दोन दिवसांनी तिने तक्रार दिली. आज मी साक्ष दिली. आधी नातं सांगितलं, मग पाहिलेलं सगळं. नंतर बाहेर बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसले.

माहेर तुटेल म्हणालास. तुटू दे. त्याला मी कडेवर खेळवलंय, दादा. तरीही उद्या पुन्हा बोलावलं, तर पुन्हा हेच सांगेन.

तुझी बहीण, आणि अजूनही त्याची आत्या