चौदा मिलिमीटर

४ जून

ठरलं. आजपासून रोज नोंद. शोध नक्की कधी लागला असं उद्या कोणी विचारलं तर तारीख हवी.

प्रयोगशाळेच्या कुंपणाला माजलेल्या पाल्याकडे बावीस वर्षांत कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मी त्याचा स्पिरिटमध्ये अर्क काढला. कागदाच्या चकत्या त्यात बुडवून, जखमेत पू करणाऱ्या जंतूंच्या प्लेटवर ठेवल्या. आज पाहतो तर चकतीभोवती जंतू साफ. स्वच्छ वर्तुळ, चौदा मिलिमीटर.

शेजारच्या टेबलावरच्या बाईला दाखवलं. अभिनंदन राहिलं बाजूला, विचारते, पाला न घालता नुसत्या स्पिरिटची चकती ठेवलीत का? कंट्रोल कुठंय? दुसरा शब्दच येत नाही. नाव ठेवलं, कंट्रोलबाई.

७ जून, सकाळी ११

पुन्हा आली. म्हणे चकत्या ओल्या ठेवू नका, आधी वाळवा, स्पिरिट उडून जाऊ द्या. मी म्हटलं, मी इथे लागलो तेव्हा तुम्ही शाळेत होतात. आपल्या टेबलाशी परत गेली. मुद्दा सिद्ध.

संकल्प: तिच्याशी बोलणं बंद.

१० जून

सासरे राहायला आले. जन्मभर शिलाई मशीन चालवलेला माणूस. नडगीला जखम, महिना झाला. साखर असल्यामुळे भरत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. डॉक्टरांना काहीतरी म्हणावंच लागतं. मी अर्क लावणार असं जाहीर केलं. बायको म्हणाली, माझ्या बाबांचा पाय म्हणजे तुझी प्लेट नव्हे. वीस वर्षांच्या संसारानंतर हा विश्वास.

सासरे मात्र मुकाट्यानं पाय पुढे करून बसले. साध्या माणसांना विज्ञान लवकर कळतं.

१७ जून

जखम २६ वरून १९ मिमी. माझ्याच पट्टीनं मोजली. बायकोला सांगितलं. 'हं' म्हणाली. हल्ली ती अर्ध्या दिवसाची रजा टाकते. का, विचारलं तर ऑफिसात काम कमी आहे म्हणे. मत्सर घरातही शिरलाय.

१९ जून

कंट्रोलबाईनं माझ्या टेबलावर प्लेट आणून ठेवली. चिठ्ठी: 'नुसतं स्पिरिट, ओली चकती.' वर्तुळ चौदा.

आधी संताप आला. मग उलगडलं. माझ्या अर्काचा वास खोलीभर असतो, तोच तिच्या प्लेटमध्ये शिरला. म्हणजे माझं औषध हवेतूनही काम करतं. हा वेगळा शोध. प्लेट कचऱ्यात टाकली.

२६ जून

जखम ८ मिमी.

रोग होऊच नये म्हणून मी स्वतः सोमवारपासून रोज दोन थेंब घेतोय. पोट बिघडलंय. शरीर शुद्ध होत असणार. आज चार वेळा शुद्ध झालं.

तीस तारखेला सगळ्यांसमोर व्याख्यान. प्रयोगशाळेचे प्रमुख वीस मिनिटंच देतात, कंजूष. साक्षीला सासऱ्यांना नेणार. बायको हात जोडून नको म्हणाली. माझं चांगलं झालेलं हिला बघवत नाही.

३० जून, दुपार

लिहायची इच्छा नाही. तरी.

व्याख्यान उत्तम चाललं होतं. सासऱ्यांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून पाय दाखवला. जखम जवळजवळ भरलेली. प्रमुखांनी मला सोडून सासऱ्यांनाच विचारलं, काय लावता?

सासरे उभे राहिले. म्हणाले, "जावईबापूंचं औषध रोज लावून घेतो. ते कामाला गेले की मुलगी धुऊन काढते आणि दवाखान्यात नेते. तिथं पट्टी करतात. साखरेची गोळीपण बदलून दिली."

मागे कोणीतरी हसलं. मी विचारलं, मग मला लावू कशाला दिलंत?

सासरे म्हणाले, "तुम्ही चिडलात की घरात कोणी धड जेवत नाही. मुलीला तरी चार घास सुखानं खाता यावेत."

मग कोणी हसलं नाही. प्रमुखांनी पंखा मोठा करायला सांगितलं. कंट्रोलबाईनं सासऱ्यांची पॅन्ट खाली सोडली आणि हात धरून त्यांना जिन्यापर्यंत नेलं. माझी अजून सहा मिनिटं शिल्लक होती.

२ जुलै

सासरे आज गेले. बायको सोडायला गेली. मला कोणी बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. थेंब बंद केले. पोट लगेच ताळ्यावर आलं. योगायोग.

प्रमुखांची चिठ्ठी: वाळलेल्या चकत्यांनी प्रयोग पुन्हा करा, नाहीतर टेबल रिकामं करा. करतो. कंट्रोलबाईचं तोंड एकदाचं बंद होईल.

४ जुलै, सकाळी ९

पाच प्लेटा. चकत्या रात्रभर वाळवलेल्या. दार आतून लावून एकेक उघडली.

पाचही प्लेटांवर चकतीच्या कडेपर्यंत जंतू. शेवटच्या प्लेटवर तर चकतीवरही चढलेले, चांगले दाट. पट्टी खिशातून काढलीच नाही.

बाहेर आलो तर कंट्रोलबाई समोरच. किती आलं, विचारलं. मी म्हटलं, अजून मोजलं नाही.

"बरं," म्हणाली, आणि माझ्यासाठी बाजूला झाली. कंट्रोलचं विचारलंसुद्धा नाही.