चष्म्याच्या काड्या आणि बिनवासाची खोली

तीर्थरूप काका,

नाक जमिनीला टेकवून नमस्कार. (नाकच का, ते पुढे कळेल.) तुमचा गुडघा आणि काकूचा खोकला ताळ्यावर असतील, दुकानात गिऱ्हाईक येत असेल आणि गुलाबाच्या बरणीचं झाकण आता नीट लागत असेल अशी आशा करतो.

परवा आमच्याकडून निघालात तेव्हा तुम्ही इतके खुशीत होतात, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. अत्तरवाल्याच्या घरात वाढून मी नेमकी अशी नोकरी शोधली जिथे अत्तराला बंदी आहे, हे तुम्ही सगळ्या नातेवाइकांना सांगत असता. पण त्याला कारण आहे, काका. आमच्या प्रयोगशाळेत स्त्रीबीज आणि पुरुषबीज एका बशीत एकत्र आणून गर्भ वाढवतात, आणि गर्भ म्हणजे भलताच मानपानवाला पाहुणा. ऊब हवी ती आईच्या पोटातल्याइतकीच, उजेड मंद, हवा गाळलेली, आणि वास कसलाही नको, अगदी साबणाचासुद्धा. खोलीतल्या हवेचा दाब मुद्दाम बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं की आतली हवा बाहेर जाते, बाहेरची आत घुसत नाही. (आमच्या घराच्या उलट. तिथे दार उघडलं की शेजारीण आत.) त्यात सध्या एक बशी तुमच्या सूनबाईची आणि माझी. नियमाने मी तिला हात लावायचा नाही, ते काम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाईंचं. मी आपला परक्यासारखा लांबून बघतो.

आपल्या घरची रीत मला मान्य आहे. शुभकार्याला निघताना कानामागे एक थेंब. परीक्षांना लावलात, मुलाखतीला लावलात, लग्नात तर अर्धी कुपी रिकामी केलीत. पण त्या सकाळी, आदल्याच दिवशी आमची बशी आत गेलेली असताना, मी कान झाकून नको म्हणालो आणि तुम्ही इतक्या शहाण्यासारखे ‘बरं’ म्हणालात! मग मी आंघोळीला गेल्यावर माझ्या चष्म्याच्या दोन्ही काड्यांना अत्तर चोपडलंत. अहो, आत जाताना आम्ही कपडे बदलतो, चपला बदलतो, केस टोपीत कोंबतो. घरून आत जाणारी वस्तू एकच. तुम्ही बरोब्बर तीच गाठलीत.

हवेतल्या रसायनांची वाफ मोजणारं यंत्र कोकलायला लागलं. वास सगळ्यांना आला, मला सोडून. (लहानपणापासून त्यात लोळलेल्या नाकाला तो कुठून येणार?) पण मी पडलो अत्तरवाल्याचा पुतण्या, म्हणून बाईंनी तपास माझ्याकडेच सोपवला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मी सफाईवाल्या मावशींचं फडकं हुंगलं, नर्सच्या केसांवर संशय घेतला (ती अजून बोलत नाही), एसीवाल्याला शिडीवर चढवलं. तो वरून म्हणाला, साहेब, तुम्ही लांब गेलात की वास जातो. मला वाटलं टोमणा मारतोय. शेवटी बाईंनी यंत्र हातात घेऊन मला प्रदक्षिणा घातली. कानापाशी येताच ते किंचाळलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, माझा कळसा कानावर होता.

घाबरू नका. गर्भ असतात त्या पेट्या घट्ट बंद, त्यांच्यातली हवा वेगळी गाळलेली. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही (केस अजून यायचेत). चष्मा मात्र जप्त झाला आणि मला बाहेर, वाट बघणाऱ्या नवऱ्यांच्या बाकावर बसवलं. चष्म्याविना मला समोरची भिंतही दिसेना. शेजारच्या गृहस्थांनी पाठीवर हात ठेवून विचारलं, पहिलीच वेळ का? आणि आत काय काय चालतं ते त्यांनी मला समजावून सांगितलं, बरंचसं चुकीचं. मी एकदाही दुरुस्ती केली नाही. खरं सांगू, फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी दारातून डोकं काढून त्या बाकाला ‘काळजी करू नका’ सांगत आलोय. तो बाक इतका टणक आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा हात जोडून विनंती, की निकाल लागेपर्यंत तुम्ही आमच्या घराच्या, दवाखान्याच्या आणि विशेषतः माझ्या चष्म्याच्या आसपासही फिरकू नये. काकूला नमस्कार.

तुमचा,
नावापुरतं नाक असलेला पुतण्या

ता. क. मोठ्या बाई विचारतात, ते अत्तर कुठलं, आणि एक कुपी मिळेल का? सुट्टीच्या दिवशी लावणार आहेत.

आणखी एक ता. क. वरचं ते ‘फिरकू नये’ सूनबाईने वाचलं आणि मला फैलावर घेतलं. आमचा गर्भ छान वाढतोय. गुरुवारी तो तिच्या पोटात ठेवायचाय. त्या दिवशी मी पुन्हा त्याच बाकावर, आणि मला भीती वाटते, काका. शेजारी घरचं माणूस हवं. तेवढ्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं होतं, मध्येच भांडण निघालं. तुम्ही या. फक्त नुसत्या पाण्याने आंघोळ करा, धुतलेले कपडे घाला आणि दुकानात न डोकावता तडक निघा. काकू म्हणेल, हा बिनवासाचा माणूस कोण, मी ओळखत नाही. मी ओळखेन. मला तुमचा वास तसाही कधी आलेला नाही.