साहेबांच्या वाट्याचे आप्पा

आप्पा, निपाणीजवळच्या पुलाच्या कामावर मी आता अप्रेंटिस आहे. आठवड्यातले चार दिवस साइटवर आणि दोन दिवस बेळगावला कॉलेजात, असं करत करत पदवी मिळायची आहे. तुमच्याच कामात आलो, सर्व्हेच्या. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांनी उन्हात जन्म काढला, आता तू काढ." रागानं म्हणाली की कौतुकानं, ते अजून कळलेलं नाही. सगळं तसं बरं चाललंय. फक्त आमचे साहेब तुमच्या हाताखाली शिकलेले निघाले, आणि ते कळलं त्या दिवसापासून मी त्यांच्यावर जळतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी बालवाडीत होतो. माझ्याकडे तुमचं फारसं काही नाही. उचगावच्या स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसला आहात, पोटऱ्यांपर्यंत लाल माती, आई "आधी पाय धुवा" म्हणून ओरडतेय, आणि तुम्ही भाकरीचा वरचा पापुद्रा काढून माझ्या हातावर ठेवताय. पापुद्रा गरम आहे, मी तो या हातातून त्या हातात नाचवतोय. तुम्ही काहीतरी म्हणता. ओठ हललेले दिसतात, पण ऐकू काहीच येत नाही. मी कितीदा डोळे मिटून तिथे जाऊन बसलो, तुमचा आवाज काही येत नाही. एकदा आईला विचारलं, आप्पांचा आवाज कसा होता गं? ती भांडी घासत होती. "आवाज कसला? यायचे, जेवायचे, झोपायचे. बोलायचं ते सगळं साइटवरच बोलून येत असतील." म्हणजे घरी आम्हाला उरलंसुरलं, आणि भरलेलं ताट साहेबांना.

ते तुम्हाला अण्णा म्हणतात. दुपारी डबा उघडला की त्यांना तुमची आठवण येते. कणकुंबीच्या जंगलात पायाला जळवा लागल्या तरी अण्णांनी काम थांबवलं नाही. शेंगदाण्याची चटणी असली की अण्णांना भाजी लागायची नाही. लेव्हलच्या दुर्बिणीच्या काचेला अण्णा स्वतःच्या रुमालाशिवाय दुसरं फडकं लावू द्यायचे नाहीत. सगळे ऐकतात, हसतात. मीही हसतो, आणि डबा अर्धा ठेवून उठतो. निदान चटणीची गोष्ट तरी मला आधी माहीत असायला हवी होती. परक्या माणसानं तुमची आवड मला सांगावी, आणि मी "हो का?" म्हणावं!

बरं, साहेब माणूस वाईट असता तरी सोपं गेलं असतं. पण अण्णांचा मुलगा म्हणून ते माझ्याशी इतके गोड वागतात की चीड येते. एकदा मापाच्या काठीवरच्या काचेची, प्रिझमची, उंची बदलली आणि मी ती मोजणीच्या मशिनला सांगायलाच विसरलो. सकाळभर घेतलेली सगळी मापं चुकली. त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "असू दे रं, व्हतंय. च्या पी जा." आणि स्वतः उन्हात उभे राहून सगळं परत घेतलं. दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबरच्या नंदगडच्या मुलीनं स्टँडचा एक स्क्रू ढिला ठेवला, तर सगळ्या कामगारांसमोर तिची सालटी काढली. "काचंला डोळा लावला म्हंजे बघितलं असं न्हवं! आमचे अण्णा असते तर तुला स्टँडसकट घरी धाडलं असतं!" ती बिचारी पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडली. मी समजूत घालायला गेलो, तर म्हणाली, "तुझं बरं हाय बाबा. तुला कोण काय बोलत न्हाय."

तिला काय सांगणार? ती रडत होती आणि मी तिच्यावरही जळत होतो. तुमचं बोलणं तिला मिळालं. ती तुम्हाला ओळखत नाही, तुमचा फोटोसुद्धा तिनं पाहिलेला नाही. माझ्या हक्काची शिवी तिला फुकटात मिळाली, आणि मला चहा! बाप नाही म्हणून लोक पोराला जपतात, ते लहानपणापासून पाहतोय. शाळेतही मास्तर माझ्यावर छडी उगारायचे आणि खाली घ्यायचे. तेव्हा मला बरं वाटायचं. आता वाटतं, कुणीतरी एकदा तरी हाणायला हवं होतं.

या सोमवारची गोष्ट. काम संपलं की मशिन उतरवण्याआधी परत आपल्या पक्क्या खुणेवर नेम धरायचा, सकाळचं माप जुळतंय का बघायचं, नाहीतर दिवसभर मशिन हललं असलं तरी कळत नाही. हे तुम्हाला मी काय सांगणार. मी मशिनची पेटी बंद केली तेवढ्यात साहेब आले. "शेवटचं चेक केलंस?" मी म्हणालो, "न्हाय." "का?" "राहिलं." आणि मग ते फुटले. काचेला डोळा, अण्णा असते तर, लाज कशी वाटत न्हाय, सगळं आलं. काँक्रीटवाले हातातलं काम टाकून बघायला लागले. मी मान खाली घालून एकेक शब्द झेलत होतो. ते दम घ्यायला थांबले तेव्हा मी विचारलं, "आप्पा असंच ओरडायचे का हो?"

 त्यांनी हेल्मेट काढून घाम पुसला. "न्हाय रं. ओरडणं माझं हाय. अण्णांचा आवाज कधी चढलाच न्हाय." मग ते जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी तोंड आणून अगदी हळू म्हणाले, "लेकरा, ह्याच्यावरनं माणसं जाणार हायत. परत लाव." आणि बाजूला होऊन म्हणाले, "असं म्हणायचे. चूक झाली की असंच, दर वेळी."

तुम्ही त्यांना लेकरा म्हणायचात, आप्पा? शिव्या मी सोडून दिल्या असत्या. चटणी, जळवा, रुमाल, सगळं सोडून दिलं असतं. लेकरा म्हणायला घरी मी होतो की. त्या रात्री साहेबांचं तोंड बघायला नको म्हणून मी मेसला जेवायलाही गेलो नाही. पण तो हळू आवाज कानातून जात नाही, आणि जाऊ नये असंही वाटतं.

साहेबांनी "परत लाव" म्हटल्यावर मी तिथेच पेटी उघडली, अजून उभ्या असलेल्या स्टँडवर मशिन परत लावलं, खुणेवर नेम धरला. माप जुळलं. साहेब म्हणाले, "नशीब तुझं." नशीब कसलं? पेटी बंद करण्याआधी मी ते बघितलं होतं, आप्पा, दोनदा बघितलं होतं. साहेबांना खोटंच सांगितलं.